दोर, मेख आणि प्रेक्षावेतन

सुरतेचे नाव निघाले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रथम उभी राहते ती १६६४ च्या जानेवारीतील शिवछत्रपतींची स्वारी, आणि तिच्या मागोमाग १६७० ची दुसरी. ज्यांस खाण्याची आवड त्यांस घारी आठवते, ज्यांस वस्त्रांची त्यांस तेथील जर. आम्हांस मात्र यापुढे सुरत म्हटले की लोखंडाची एक मेख आठवेल आणि ती ठोकणारा एक एकटा मनुष्य आठवेल.

आम्ही तेथे गेलो होतो एका लवादाच्या कामासाठी. दोन भागीदारांचा तंटा, यंत्रमागांची वाटणी, कागदांची तीन गाठोडी. वाचकांनी मन घालावे असे त्यात काही नव्हते. तिसऱ्या दिवशी काम दुपारीच आटोपले. गाडी रात्रीची होती. तेव्हा पक्षकाराकडील कारकून, जे मूळचे जळगावकडचे, ते आम्हांस चहासाठी लिंबायतेस आपल्या घरी घेऊन गेले. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली कुटुंबे इतकी आहेत की डोळे गुजराती पाट्या वाचत असतात आणि कानांवर मात्र धुळे-जळगावची बोली पडत असते. चहा झाला, निरोप झाला, आणि परतताना एका मोकळ्या मैदानाच्या कडेला आमची पावले थबकली.

पन्नाशीच्या आसपासचा एक गृहस्थ जमिनीवर पावले मोजीत होता. जवळ चार बांबू, मेखांचे एक पुडके, एक घण, एक ढोलके आणि कसले तरी वेटोळे. डोंबाऱ्याचा खेळ लागणार हे उघड होते. परंतु डोंबाऱ्याचा खेळ म्हणजे आमच्या समजुतीप्रमाणे चार माणसांचे काम. एकजण ढोलके वाजवतो, एकजण दोरावरून चालतो, एकजण दोराखालून चालणाऱ्याबरोबर सरकत राहतो, आणि चौथे माणूस, बहुधा कडेवर मूल घेतलेली बाई, थाळी फिरवते. येथे तर माणूस एकच. हा एकटा दोर ताणणार कसा, या कुतूहलाने आम्ही उभे राहिलो. पुढचा अर्धा तास आम्ही जे पाहिले ते सविस्तर सांगितल्याशिवाय पुढचा इतिहास सांगण्यात अर्थ नाही.

प्रथम त्याने दोन टोकांस मेखा ठोकल्या. मेख सरळ उभी ठोकली तर ताणाबरोबर ती दोराकडे झुकते आणि सुटते, म्हणून तिचे डोके दोरापासून दूर कलते ठेवून तो ठोकीत होता. एका टोकाची जमीन भुसभुशीत होती. तेथे त्याने पहिल्या मेखेच्या मागे हातभर अंतरावर दुसरी मेख ठोकली आणि पहिलीचे डोके दुसरीच्या बुडाशी दोरीने आवळून टाकले. पुढची मेख हलू लागली तर मागची तिला धरील, असा हा जामीनदार. नंतर दोन-दोन बांबू शेंड्याजवळ बांधून त्याने दोन कैच्या केल्या, आणि कैचीच्या खाचेत गोणपाटाची घडी घातली.

मग वेटोळे उलगडले, आणि ते दोराचे नव्हतेच. तो होता एक सपाट, दोन बोटे रुंद पट्टा, ज्याच्या एका टोकास खटके असलेली लोखंडी मूठ होती. सुरतेत ट्रकांवर कापडाच्या गाठी लादतात आणि त्या हलू नयेत म्हणून ज्या पॉलिएस्टरच्या पट्ट्याने आवळतात, तो हा पट्टा.

‘‘दादा, हा कुठून आणलात?’’ आम्ही विचारले.

‘‘ट्रकचा आहे साहेब. जुना झाला की टाकून देतात. पूर्वी आमचा दोर होता, काथ्याचा. तो ताणायचा तर तीन माणसं लागायची. हा एकटा आवळतो.’’

‘‘आणि घरची माणसं?’’

‘‘पोरगी आठवीला आहे, शाळेत जाते. बायको साड्यांचे धागे कापायला जाते. खेळाला मी एकटाच.’’ हे सांगताना त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. पोरगी आठवीला आहे हे तर त्याने दोनदा सांगितले.

मूठ मेखेला अडकवून त्याने पट्टा मधल्या रुळाच्या फटीतून ओढला आणि आधी हातानेच, पाय मेखेला टेकवून, जेवढी ढील निघेल तेवढी काढली. आम्हांस वाटले, खटका आहे तर हाताने कष्ट कशाला? त्याने मान हलवली. सगळी ढील रुळावर गुंडाळली तर रूळ पट्ट्यानेच भरतो, पुढे फिरत नाही, आणि अडकला म्हणजे सुटतही नाही. मात्र दोन-तीन वेढे बसलेच पाहिजेत, नाही तर पट्टा निसटतो. मग तो मूठ मागेपुढे करू लागला, आणि प्रत्येक खटक्यासरशी पट्टा एकेक बोट वर येऊ लागला. पुरेसा ताण आला असे वाटताच त्याने कैचीचे दोन पाय पायाने थोडे थोडे जवळ सरकवले. पाय जवळ आले की कैची उंच होते, कैची उंच झाली की पट्टा आणखी ताठ होतो. दोर होता तेव्हा ताणण्याची खरी युक्ती हीच होती, असे तो म्हणाला. शेवटी त्याने पट्ट्यावर टिचकी मारून तंबोऱ्याची तार ऐकावी तसे ऐकले, मधोमध बसून दोन हिसके दिले, उतरून दोन्ही मेखा पाहिल्या आणि परत दोन खटके आवळले. गाठी बसल्या की पट्टा सैल पडतो, तेव्हा पहिला ताण हा खरा ताण नव्हेच.

या ताणाचे गणित मोठे विलक्षण आहे. साठ किलो वजनाचा मनुष्य बारा मीटरांच्या दोरावर मध्यभागी उभा राहिला आणि दोर तीस सेंटिमीटर खाली गेला, तर दोरावरील ताण होतो सहाशे किलोंच्या आसपास, म्हणजे त्याच्या वजनाच्या दसपट! दोर साठ सेंटिमीटर झोकू दिला तर ताण निम्मा, तीनशे. जितका दोर ताठ, तितका पाय स्थिर आणि मेख संकटात. जितका सैल, तितकी मेख निर्धास्त आणि पाय संकटात. या दोहोंच्या मध्ये नेमके कोठे थांबावे, हे त्याला गणिताने नव्हे तर कानाने आणि घोट्याने कळत होते.

नंतर घरी येऊन आम्ही शोध घेतला तेव्हा गंमत कळली. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एव्हरग्रीन स्टेट कॉलेजात १९७० च्या दशकाच्या अखेरीस अॅडम ग्रोसोस्की आणि जेफ एलिंग्टन या दोन तरुण गिर्यारोहकांनी कडे चढताना वापरावयाचा नायलॉनचा सपाट पट्टा दोन झाडांमध्ये बांधून त्यावर चालण्याचा नाद सुरू केला. केवळ काही लोखंडी कड्या आणि पट्ट्याचे स्वतःवरचेच घर्षण यांच्या जोरावर एकट्याने तो ताणण्याची एक रीत एलिंग्टनच्या नावाने ओळखली जाते. आज त्या खेळास ‘स्लॅकलाइन’ म्हणतात. पुढे त्यात खटक्याची मूठही आली, तीच ट्रकवरची. त्याचे साहित्य दुकानांत विकत मिळते, स्पर्धा होतात, बक्षिसे लागतात. लिंबायतेच्या मैदानावरील गृहस्थाने हे नाव ऐकलेले नव्हते. गरजेने त्याला तेथेच आणून सोडले होते जेथे त्या विद्यार्थ्यांना हौसेने.

दोरावर चालण्याची कला किती जुनी, याचा एक पुरावा रोमच्या रंगभूमीवर सापडतो. टेरेन्स या नाटककाराचे ‘सासू’ या अर्थाच्या नावाचे नाटक ख्रिस्तपूर्व १६५ मध्ये प्रथम लागले आणि मध्येच मोडले. कारण? दोरावरचा खेळ होणार अशी हूल उठली आणि प्रेक्षकांचे चित्त तिकडे धावले. नाटककाराने पुढल्या प्रयोगाच्या नांदीत हे स्वतःच सांगितले आहे. प्रतिपक्षाने स्वतःच्या तोंडाने दिलेली कबुली म्हणून हा पुरावा आम्ही वकील मंडळी फार मानतो. तीनशे वर्षांनंतर मार्कस ऑरेलियस या तत्त्वचिंतक सम्राटाने, एक मुलगा दोरावरून पडल्यानंतर, अशा खेळाडूंच्या खाली गाद्या अंथरण्याची आज्ञा केली असे त्याच्या चरित्रात म्हटले आहे. ते चरित्र ज्या ग्रंथात आहे तो सर्वस्वी विश्वासार्ह नाही, हे खरे. परंतु चरित्रकार सांगतो की त्याच्या स्वतःच्या काळापर्यंत दोराखाली जाळे बांधण्याची चाल होती, आणि आपल्या डोळ्यांसमोरची चाल सांगताना तो कशाला खोटे बोलेल? दोरावरच्या माणसाच्या जिवाची राज्यसत्तेने दखल घेतल्याचे याहून जुने उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आपल्याकडे काय? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नट, नर्तक, गायक, वादक यांच्या पंक्तीस ‘प्लवक’ बसलेला आहे. प्लवक म्हणजे उड्या मारणारा, कसरतीचा खेळ करणारा. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी तो ग्रंथ १९०९ मध्ये छापून उजेडात आणला, आणि आपल्या र. पं. कंगले यांनी १९६० पासून मुंबई विद्यापीठाकडून त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्या ग्रंथातील तीन गोष्टी आमच्या प्रस्तुत विषयास लागू पडतात. पहिली अशी, की परक्या मुलुखातून आलेल्या खेळकऱ्यांच्या मेळ्याने प्रत्येक खेळामागे पाच पण ‘प्रेक्षावेतन’ राजाला द्यावे. दुसरी, पावसाळ्यात अशा लोकांनी हिंडू नये, एका जागी राहावे. तिसरी गोष्ट बोचणारी आहे. नावाने चोर नसून चोरच असलेले लोक म्हणून कौटिल्य एक यादी देतो आणि तीत खेळकऱ्यांना घालतो. मात्र त्या यादीत सर्वांत पहिले नाव आहे वाण्याचे! व्यापारी, कारागीर, खेळकरी, भिक्षेकरी, गारुडी, अशी ती उतरंड आहे. म्हणजे कौटिल्याने संशय घेतला तो सर्वांवर सारखा घेतला, आणि खेळकऱ्याकडून कर घेतला तो धंदेवाईक म्हणून घेतला. ज्याच्याकडून कर घ्यावयाचा तो भिकारी कसा? हा प्रश्न वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

अद्वैताच्या आचार्यांनाही दोर परका नव्हता. ब्रह्मसूत्रभाष्याच्या पहिल्याच पादात शंकराचार्य मायावी पुरुषाचा दृष्टांत देतात. ढाल-तलवार घेऊन सुतावरून आकाशात चढताना दिसतो तो वेगळा, आणि जमिनीवर उभा असलेला खरा मायावी वेगळा. वाचकांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या या भाष्याचे नाव आदराने घेतले जात आले आहे. परंतु हा दृष्टांत सुचण्यासाठी आचार्यांच्या श्रोत्यांनी असला खेळ कोठे तरी पाहिलेला, निदान ऐकलेला असला पाहिजे, हे सहसा लक्षात येत नाही. पुढे याच सुताच्या चमत्काराला इंग्रजी वाचकांनी डोक्यावर घेतले. शिकागोच्या एका वृत्तपत्राने १८९० मध्ये डोळ्यांनी पाहिलेली हकीकत म्हणून ती छापली, आणि चार महिन्यांनी ती सपशेल बनावट असल्याचे कबूल केले. खोटा दोर जगभर गाजला. खऱ्या दोरावर चालणाऱ्याला मात्र कोणी विचारले नाही.

आणि सुरतेत असता इलाचीकुमाराची आठवण न होणे अशक्य. गोपीपुऱ्याच्या जैन वस्तीत ही कथा लहान मुलांस देखील ठाऊक असते. इलाचीकुमार हा श्रेष्ठीपुत्र. नटाच्या मुलीवर त्याचे मन गेले. नट म्हणाला, मुलगी हवी तर आमची विद्या शीक आणि राजाला रिझवून बक्षीस मिळव. पोराने घर सोडले, विद्या शिकली आणि राजापुढे खेळ मांडला. परंतु राजाचीही दृष्टी त्याच मुलीवर. हा वरून पडावा म्हणून राजा ‘नीट पाहिले नाही, पुन्हा कर’ असे म्हणत त्याला परत परत वर चढवू लागला. त्या उंचीवरून इलाचीकुमाराला दूरच्या घराच्या दारात एक मुनी दिसले. एक रूपवती त्यांस भिक्षा घालीत होती आणि मुनींची दृष्टी खालीच होती. तेथेच, त्या उंचीवरच, त्याला केवलज्ञान झाले. कथेचा धर्मबोध जैन आचार्य सांगतीलच. आमचे लक्ष गेले ते राजाकडे. बघणारा सत्ताधीश, वर चढलेला पोटार्थी, आणि ‘पुन्हा कर’ हा हुकूम. एवढी साधी गोष्ट किती शतके तशीच चालत आली आहे!

आमच्या लहानपणी आमच्या देवळाच्या जत्रेस डोंबारी येत. पालखी देवळास प्रदक्षिणा घालून आली, आरत्या झाल्या, की आवाराच्या भिंतीबाहेरच्या वडाखाली ढोलके वाजू लागे. दोराचे एक टोक वडाच्या मुळीला असे. आत का नाही, हा प्रश्न आम्ही एकदा आजोबांना विचारला होता. ते काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘महाजनांनी जागा तीच ठरवली आहे.’’ खेळ संपला की देवाच्या प्रसादातला एक वाटा पत्रावळीवर घालून भिंतीवरून पलीकडे दिला जाई. भिंतीवरून! दारातून नव्हे. तो वाटा आजोबा स्वतः देत असत आणि देताना ‘घ्या हो’ असे आदराने म्हणत. आम्हांस त्या आदराचेच तेवढे कौतुक वाटे. भिंत आमच्या डोळ्यांस दिसत होती, पण ती मनात शिरण्यास बरीच वर्षे जावी लागली.

ही कला तंबूत शिरली तेव्हा तिचे दैव पालटले. कुरुंदवाड संस्थानच्या आश्रयाने वाढलेले, घोड्यांचे नामांकित शिक्षक विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये मुंबईत आपली ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. तिकडे तेलिचेरीस कीलेरी कुञ्ञिकण्णन यांनी कसरतीचे शिक्षण देऊन मलबारच्या मुलांची पिढीच्या पिढी सर्कशीसाठी तयार केली. त्याच तेलिचेरीचा एक दोरावरचा खेळाडू ‘कण्णन बोंबायो’ या नावाने १९३० च्या दशकात युरोपात गाजला. कला तीच, दोर तोच, मेख तीच. फरक एवढाच की तंबूच्या दाराशी तिकिटाची खिडकी होती. खिडकीतून घेतलेला पैसा तो मोबदला, थाळीत पडलेला पैसा ती भीक. हा फरक कोणी केला? कायद्याने केला, म्हणजे आमच्याच धंद्याने केला.

१८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासही लागू झाला. गावोगाव हिंडणे हाच संशय, आणि जन्म हाच पुरावा, असे त्याचे सूत्र. कौटिल्याच्या यादीतला वाणी त्यातून वगळला गेला, हे सांगणे न लगे. मुंबई राज्याने तो कायदा १९४९ मध्ये आणि भारत सरकारने ३१ ऑगस्ट १९५२ पासून रद्द केला. सोलापूरच्या ‘सेटलमेंट’च्या तारा गेल्या. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत आज कोल्हाटी आणि डोंबारी आहेत, गुजरातच्या यादीत बजाणिया, नट, बाजीगर आहेत. परंतु कुंपण निघाले त्याच दशकात दुसरे आले. मुंबई भिक्षाप्रतिबंधक कायदा १९५९ चा. सुरत तेव्हा द्विभाषिक मुंबई राज्यातच होती, आणि १ मे १९६० रोजी राज्य विभागले तरी हा कायदा दोन्हीकडे राहिला. त्यात भीक मागण्याची व्याख्या अशी केली आहे की सार्वजनिक जागी गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे किंवा वस्तू विकावयास पुढे करणे, अशा कोणत्याही निमित्ताने दान घेतले तरी ती भीकच. पोलिसाने वॉरंटाशिवाय धरावे. पहिल्या वेळी दोष ठरला तर एक ते तीन वर्षे भिक्षेकरीगृहात डांबावे. आणि पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत.

या कायद्यामागे केवळ दुष्टपणा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. लहान मुलांना पांगळे करून रस्त्यावर बसवणाऱ्या टोळ्या होत्या, आणि त्यांस आवर घालणे हे राज्याचे कामच होते. पण जाळे टाकले ते माशाचा आकार न बघता. १९७४ च्या ऑगस्टमध्ये फिलिप पेती या फ्रेंच तरुणाने न्यूयॉर्कच्या दोन गगनचुंबी मनोऱ्यांमध्ये रातोरात तार बांधली आणि सकाळी तिच्यावरून तो चालला. पोलिसांनी त्याला पकडले. शेवटी आरोप मागे घेतले गेले ते या अटीवर, की त्याने उद्यानात मुलांसाठी एक मोफत खेळ करावा. आमच्याकडच्या दोरावरच्या माणसाला असली अट कोणी घातल्याचे आमच्या ऐकिवात नाही. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी या कायद्यातील अनेक कलमे राज्यघटनेशी विसंगत म्हणून रद्द केली. तो निकाल मात्र दिल्लीपुरताच.

येथे आम्हांस एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगण्याचे आम्ही आजवर टाळीत आलो. वकिलीच्या पहिल्या वर्षात, महाराष्ट्रातील एका शहरात, या कायद्याखाली धरलेल्या काही लोकांची कामे आमच्याकडे आली. दिवसाला पंधरा-वीस माणसे समोर उभी राहत. त्यांत एक दोरावरचा होता, आमच्याहून फार मोठा नसेल. आम्ही त्याला मोठ्या शहाणपणाने सल्ला दिला, ‘‘भीक मागितली म्हणून कबूल करा, पुन्हा मागणार नाही म्हणा, समज देऊन सोडतील.’’ तो म्हणाला, ‘‘मी मागत नाही साहेब. मी दाखवतो. आवडलं तर देतात.’’ आम्हांस घाई होती. मागे आणखी बारा माणसे होती. आम्ही सल्ला तोच पुन्हा दिला, किंचित आवाज चढवून. त्याने कबूल केले. जातमुचलका लिहून तो संध्याकाळी सुटला. सहकाऱ्यांनी आमचे अभिनंदन केले आणि आम्हीही त्या दिवशी आपल्यावर खूष होतो.

त्या कागदावर काय लिहिले गेले ते पुढे कायद्याचे कलम शांतपणे वाचताना कळले. त्याच्या नावापुढे ‘भिक्षेकरी’ लागले ते आमच्या तोंडून. दुसऱ्यांदा पकडला गेला असता तर तीच कबुली त्याच्या विरुद्ध पुढे आली असती. जो मुद्दा लढवावयाचा, म्हणजे खेळाचे मोल आणि भीक यांत फरक आहे की नाही, तो त्याने आम्हांस दोन वाक्यांत सांगितला होता. एखादा ज्येष्ठ वकील त्या दोन वाक्यांवर तासभर बोलला असता. ते ‘मी दाखवतो’ आम्ही लिहूनही घेतले नाही. पुढे तो मनुष्य आम्हांस कधी भेटला नाही.

लिंबायतेच्या मैदानावर ती मेख पाहताना आमच्या मनात हे सर्व होते. आम्ही विचारले, ‘‘दादा, पोलीस त्रास देतात का?’’

‘‘येतात. ऊठ म्हणतात. उठतो. मेखा उपटतो, दुसरीकडे ठोकतो.’’

‘‘धरून नेत नाहीत?’’

‘‘एकदा नेलं होतं, मुंबईकडे. आता तिकडे जात नाही.’’ एवढेच बोलून तो पट्ट्यावर वाकला. पुढे विचारण्याचा धीर आम्हांस झाला नाही. वयाचा हिशेब मात्र मनात लगेच लागला. जुळत नव्हता. हा तो नव्हे.

मुलीला एखाद्या दिवशी बरोबर आणीत का, असेही विचारले. कायदा आम्हांस ठाऊक होता. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुले ठेवण्यास मनाई केली. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांस दूरचित्रवाणीवर कलावंत म्हणून काम करण्यास वाट ठेवली आणि सर्कस तेवढी वगळली. कौतुकाने टाळ्या घ्यावयाच्या त्या पडद्यावर, असा त्याचा अर्थ होतो की काय, याविषयी आमच्या मनात शंका आहे. त्याच्या मनात कसलीच शंका नव्हती. ‘‘तिला येतं सगळं. सहा वर्षांची होती तेव्हा चालायची, डोक्यावर तीन लोटे घेऊन. आता नाही. आता ती मला शिकवते, इंग्रजी आकडे.’’

सूर्य खाली उतरला होता. वीस-पंचवीस मुले, दोन रिक्षावाले आणि पाळी बदलून निघालेले काही कामगार जमले. आमचे घड्याळ स्टेशनाकडे बोट दाखवीत होते. खेळ पाहून जाणे शक्य दिसेना. तेव्हा आम्ही खिशातून एक नोट काढली आणि त्याच्या हाती देऊ लागलो.

त्याने हात मागे घेतला.

‘‘अजून खेळ झाला नाही साहेब.’’

‘‘आमची गाडी आहे.’’

‘‘मग राहू द्या. आधी बघायचं, मग द्यायचं.’’ आणि मग, आम्ही नोट तशीच धरून उभे आहोत हे पाहून, त्याने भुसभुशीत जमिनीकडच्या मेखेकडे बोट केले. ‘‘थांबणार असाल तर तिथं उभे राहा. मी वर असलो की ती मला दिसत नाही. माती फुटायला लागली तर ओरडा.’’

कारकून मजकडे पाहू लागले. आम्ही पिशवी त्यांच्याकडे दिली, मेखेपाशी जाऊन उकिडवे बसलो आणि तिच्या बुडाशी नजर लावली. मागे ढोलक्यावर दोन थापा पडल्या, मुले गप्प झाली, आणि पट्टा कुरकुरला. पहिल्या पावलाबरोबर मेख केसभर हलली. जामीनदार मेखेने तिला धरले. दुसरे पाऊल पडले, तिसरे पडले. वर काय चालले होते ते आम्हांस दिसत नव्हते. आम्ही मातीकडे पाहत होतो.